वर चाळीस, खाली वीस

(पाटोद्याजवळच्या एका सहकारी पाणी संस्थेचं पंपघर. दुष्काळाचं साल, उन्हाळ्यातली सकाळ. दाराला आतून कडी.)

शहादेव : कडी राहू दे, आश्रुबा. उघडलीस तर सगळे आत घुसतील. वरची वस्ती अख्खी बाहेर बसलीय, कुदळी घेऊन. खाली जाणारा पाईप फोडायलाच निघालते. चेअरमन म्हणून माझा शब्द ठेवला, म्हणून थांबलेत. आता सांग नीलम्मा, तुझं मशीन आमचं पाणी खालच्या वस्तीला कावून सोडतंय?

नीलम्मा : शहादेवकाका, तेच शोधायला मी बीडहून पहाटेच्या गाडीनं आले. कडी लावून विचारायची गरज नव्हती.

शहादेव : गरज हाय. ठराव काय झालता? वरच्या वस्तीत जनावरांची छावणी उघडली, म्हणून दर पाळीला वर चाळीस मिनिटं पाणी आन् खाली वीस. तुमच्या खालच्यांनी हात वर करून मान्य केलं. तुझ्या वडलांनी, सोमलिंगनं, स्वतः उभं राहून त्यांची समजूत काढली. त्या दिवशी मला त्या माणसाचं लई कौतुक वाटलं.

नीलम्मा : आणि आज?

शहादेव : आज वाटतं, मशीन लेकीच्या हातात हाय म्हटल्यावर बापाला हात वर करायला काय जातं?

नीलम्मा : काका!

शहादेव : मी एकटा म्हणत न्हाई. बाहेर जा, कोणालाबी विचार. ठराव झाल्यापासून छावणीचा हौद कधी भरला न्हाई. सुंदरबाईची गाय परवा हौदाच्या कडेला बसली ती उठलीच न्हाई. आन् खाली? खालची टाकी भरून वाहते. वाहते, नीलम्मा! ह्या सालात!

नीलम्मा : मी या कामाचा एक पैसा घेतलेला नाही. साखर कारखान्यानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर तुम्हीच आणलात, आणि म्हणालात, पोरी, बीडला क्लासमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेस, जरा गावासाठी कर. रोज पाण्याच्या वाटपावरून डोकी फुटतात. मशीनला नातीगोती नसतात, ते सरळ वाटेल. हे तुमचे शब्द.

शहादेव : व्हय, माझेच. मशीनला नातीगोती नसतात. मशीनला शिकवणारीला असतात.

आश्रुबा : चेअरमन, मी काय म्हणतो, मला जाऊ द्या. माझं ह्यात काय काम? मी वॉलमन. मोटार चालू करायची, बंद करायची. बाकी समदं ह्या डब्याच्या हातात.

नीलम्मा : तुम्ही थांबा, आश्रुबाभाऊ. मला तुम्हालाच विचारायचंय. पंपघराची किल्ली तुमच्याशिवाय कोणाकडे असते?

आश्रुबा : झालं. फिरून फिरून आलं माझ्यावर.

नीलम्मा : मी आरोप करत नाही. फक्त विचारतेय.

आश्रुबा : अशेच इचारत्यात आदी. काल सुग्रीवनं असंच इचारलं आन् चारचौघात माझ्या कानफाटात दिली. चेअरमन, तुमचा पुतण्या हाय म्हणून मी गप बसलो. म्हणं, लेक खाली दिलीय म्हणून खाली पाणी सोडतो. आवं, ह्या दोन वस्त्यांत कोणाची लेक कोणाकडं न्हाई ते तरी सांगा!

शहादेव : सुग्रीवचं मी बघून घेईन. तू तिच्या सवालाला जवाब दे.

आश्रुबा : किल्ली माझ्याकडंच. आन् हात मी फक्त मोटारीच्या खटक्याला लावतो. ह्या डब्याच्या मागच्या वायरीला हात लावला असंल तर हात झडल.

नीलम्मा : शपथा नकोत. वायरी उलट्या लागल्यात का, ते आत्ता दिसेल. कॉम्प्युटरला व्हॉल्व्ह जोडणाऱ्या या कार्डावर हाताची बटणं आहेत. कॉम्प्युटर मधे न घेता व्हॉल्व्ह उघडायचे असले तर यांनी उघडतात. काका, हे वरचं बटण तुम्हीच दाबा. आश्रुबाभाऊ, तुम्ही पाईपांजवळ उभे राहा आणि कुठला वाजतोय ते सांगा.

शहादेव : दाबलं.

आश्रुबा : वरचा. वरचा वॉल खटकन वाजला. हात लावून बगा, उघडलाय.

नीलम्मा : आता ते सोडा, आणि खालचं दाबा.

आश्रुबा : खालचा वाजला. बगा! बगा चेअरमन! वायरी जितल्या तितं हायेत. आता तरी मला मोकळं करा.

शहादेव : थांब बे. तू सुटलास म्हणजे मंग हीच उरली.

नीलम्मा : मी कुठं पळतेय? हे बघा, हा माझा प्रोग्राम. तुम्ही मॅट्रिक झालात, इंग्रजी अक्षरं येतात. ही ओळ तुम्हीच वाचा. मी बोट दाखवत नाही.

शहादेव : व्ही, ए, आर... वर. बरोबर चाळीस. खाली... बरोबर वीस.

नीलम्मा : आणि ही पुढची?

शहादेव : कायतरी नाव हाय, मंग कंस. कंसात वर, मधी स्वल्पविराम, मंग खाली.

नीलम्मा : हाच तो हुकूम. व्हॉल्व्ह उघडायचा तुकडा मी लिहिलेला नाही. कार्ड विकणाऱ्यानं तयार दिलाय. मी त्याला फक्त दोन आकडे देते. पहिला वरच्या वस्तीचा, दुसरा खालच्या वस्तीचा. मिनिटं मोजणं, व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं त्याचं काम.

शहादेव : लिहिलं तर बरोबर हाय.

नीलम्मा : बरोबरच आहे.

शहादेव : तीच तर बात हाय. चोरी करणारा काय पाटी लावून चोरी करतो? दाखवायचा कागद निराळा आन् चालणारं निराळं असंल तर मला काय समजणार? मी साखर कारखान्याच्या दोन निवडणुका बघितल्यात पोरी. वरून बरोबर दिसणारं लई बघितलंय.

नीलम्मा : मग तुमच्यापुढे पहिल्यापासून पुन्हा तयार करते. या ओळीचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला कंपायलर म्हणतात. हे बघा, झालं. हेच आता चालेल, दुसरं काही नाही. मिनिटं चाचणीपुरती सेकंद धरते, उगाच मोटार तापायला नको. आश्रुबाभाऊ, कार्डावरचे दिवे बघा. हिरवा वरचा, तांबडा खालचा.

आश्रुबा : हिरवा लागला... गेला. आता तांबडा लागला. तांबडा हायेच... अजून हाय. गेला आता.

शहादेव : तांबडा जास्त राहिला.

नीलम्मा : हो. राहिला.

आश्रुबा : ताई, हे मी रोज बगतो. तांबडा रोज जास्त राहतो.

नीलम्मा : मग सांगितलं का नाही?

आश्रुबा : चेअरमनला सांगितलं की! म्हनले, तुला काय कळतं मशीनमधलं, तूच कायतरी हात घातला आसशील. त्याच्यानंतर मी तोंड शिवून घेतलं.

नीलम्मा : काका?

शहादेव : म्हणालो असंल. रोज दहा जण दहा तकरारी घेऊन येतात. कोण खरं, कोण खोटं, कुणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं?

नीलम्मा : आश्रुबाभाऊ, आणखी काही राहिलंय का सांगायचं? दुसरं काहीही. मशीन कधी वेगळं वागलं?

आश्रुबा : सांगितल्यावर माझ्यावर येणार न्हाई?

नीलम्मा : नाही येणार.

आश्रुबा : चेअरमनच्या तोंडून ऐकू द्या.

शहादेव : न्हाई येणार. बोल.

आश्रुबा : मधूनमधून थिजतं ते. पाळी होती, दिवे जात्यात, आन् पडदा हाय तसाच राहतो. काय दाबलं तरी हालत न्हाई. मंग मी मागचं बटण बंद करून चालू करतो. रोज न्हाई होत. पर होतं.

शहादेव : हे मला आज कळतंय!

आश्रुबा : बगा! लगेच डोळे वटारले.

नीलम्मा : काका, थांबा. थिजतं ते पाळी संपल्यावर? आधी नाही?

आश्रुबा : पाळी संपल्यावरच. आदी कदी न्हाई.

नीलम्मा : आणि समसमान वाटप होतं तेव्हा? वर तीस, खाली तीस होतं, ठरावाच्या आधी?

आश्रुबा : थिजणं तवाबी व्हतं. पाणी मातर बरोबर जात व्हतं. कोणाचा आवाज नव्हता.

नीलम्मा : तीस आणि तीस... अरे देवा.

शहादेव : काय झालं?

नीलम्मा : तीस आणि तीसची अदलाबदल झाली तर कोणाला कळणार?

शहादेव : मराठीत बोल.

नीलम्मा : मराठीतच बोलतेय, काका. मला जरा बघू द्या. प्रोग्राम एकेक पाऊल थांबवत चालवता येतो. इथं थांबवते, हुकूम देण्याच्या आधी. हं... वीस ठेवले. त्यावर चाळीस ठेवले. माझ्या बाजूनं बरोबर. आता त्यांच्या तुकड्यात शिरते... हा घेतोय... खालचा घेतोय पहिला म्हणून. खालचा! मी मूर्ख आहे.

आश्रुबा : ताई रडायल्या काय?

नीलम्मा : नाही हो. हसतेय. म्हणजे, हसू नये खरं तर.

शहादेव : बाहेर कुदळी घेऊन माणसं बसलीत आन् तुला हसू येतंय. नीट सांग.

नीलम्मा : गाळ काढायची घमेली आहेत ना ती कोपऱ्यात? दोन द्या, आश्रुबाभाऊ. आणि खडू. एकावर चाळीस लिहिते, एकावर वीस. आता ऐका. माझ्या प्रोग्रामला दुसऱ्या तुकड्याला आकडे द्यायचे असतात. तोंडानं सांगता येत नाहीत. तो ते आकडे एका जागी एकावर एक रचून ठेवतो. आपण भाकरीची चळत रचतो तशी. मग दुसऱ्या तुकड्याला हाक मारतो, की बाबा, ठेवलंय, घे. त्यानं येऊन चळतीवरून घ्यायचं.

आश्रुबा : बरं.

नीलम्मा : माझा कंपायलर आहे सी भाषेचा. त्याची रीत अशी, की शेवटचा आकडा आधी ठेवायचा. म्हणून हे वीसचं घमेलं खाली. त्यावर पहिला आकडा, चाळीस. म्हणजे चळतीत सगळ्यात वर काय?

आश्रुबा : चाळीस. म्हणजे वरच्या वस्तीचं.

नीलम्मा : बरोबर. आता कार्डवाल्याचा तुकडा बनवलाय पास्कल नावाच्या दुसऱ्या भाषेत. तिची रीत उलटी. तिथे पहिला आकडा पहिल्यांदा ठेवतात, दुसरा त्याच्यावर. त्यामुळे तो तुकडा काय समजतो? की चळतीत वर जो आहे...

शहादेव : ...तो दुसरा. खालच्या वस्तीचा.

नीलम्मा : हो. त्यानं वरचं घमेलं उचललं, चाळीस, आणि खालच्या वस्तीला दिलं. खालचं उचललं, वीस, ते वरच्या वस्तीला. मी बरोबर ठेवलं. त्यानं त्याच्या रीतीनं बरोबर घेतलं. दोघांची रीत एक आहे का, हे मी विचारलंच नाही. दोन्हीवर तीस लिहिलेलं होतं तोपर्यंत कसंही उचला, फरक पडत नव्हता.

शहादेव : आन् ते थिजणं?

नीलम्मा : ते पण त्यातलंच. काम झाल्यावर चळत कुणीतरी आवरायची असते. सीच्या रीतीत ज्यानं ठेवलं त्यानं आवरायचं. पास्कलच्या रीतीत ज्यानं घेतलं त्यानं. इथे दोघंही आवरतात. तो दोन घमेली नेतो. मग माझा प्रोग्राम येतो आणि आणखी दोन उचलतो. ती कुणाची तरी दुसऱ्याचीच असतात. कधी चालून जातं, कधी मशीनला पुढं कुठं जायचं तेच सापडत नाही. मग थिजतं.

आश्रुबा : म्हणजे कोणीच चोरलं न्हाई?

नीलम्मा : कोणीच नाही.

शहादेव : लई सुंदर सांगितलंस. घमेली, चळत, भाकरी. सोमलिंगच्या दुकानात बसून मोठी झालीस, गिऱ्हाइकाला पटवायचं तुला शिकवावं लागत न्हाई.

नीलम्मा : अजून विश्वास नाही?

शहादेव : तूच चोर, तूच चोरी शोधणार, आन् चोर कोण? तर म्हणं पास्कल. जो ह्या गावात राहत न्हाई, ज्याला बोलावता येत न्हाई. असा चोर मलाबी पाहिजे होता कारखान्याच्या निवडणुकीत.

आश्रुबा : चेअरमन, दिव्याचं मातर खरं हाय ना...

शहादेव : दिवा मशीन दाखवतं. मशीन हिचं.

नीलम्मा : ठीक आहे. मी इथून उठते. खुर्चीत तुम्ही बसा. मी त्या भिंतीजवळ उभी राहते, हात मागे बांधून. सेकंदांची परत मिनिटं केलीत, एवढंच; बाकी प्रोग्राम जसा होता तसाच आहे. त्या ओळीतले आकडे तुम्ही बदला. वरच्या वस्तीला शून्य द्या. सगळं पाणी खालच्या वस्तीला द्या. आणि खरी मोटार चालू करा.

शहादेव : डोकं फिरलं का? बाहेर लोक...

नीलम्मा : मी म्हणतेय ते खरं असेल तर पाणी वर जाईल. खोटं असेल तर खाली जाईल. मग दार उघडा आणि मला बाहेर द्या.

आश्रुबा : ताई, असं नका बोलू. ती माणसं आज माणसांत न्हाईत. सुंदरबाई तर...

नीलम्मा : मला माहीत आहे. आजवर तुम्ही वरच्यांना चाळीस लिहिलेलं बघितलं आणि पाणी खाली गेलेलं बघितलंत. आता शून्य लिहून बघा. तुमच्या बोटानं.

शहादेव : ...कुठलं बटण दाबू?

नीलम्मा : बाण खाली न्या. आणखी एक ओळ. चाळीस खोडा. शून्य लिहा. आता पुढच्या ओळीत वीसच्या जागी साठ. एफ नऊ दाबा. आता कंट्रोल धरून एफ नऊ.

शहादेव : हे चालू झालं म्हणतंय.

नीलम्मा : आश्रुबाभाऊ, मोटार.

आश्रुबा : महादेवा... घेतली. उचलली मोटारीनं.

शहादेव : कुठला?

आश्रुबा : थांबा. पाणी यायला येळ लागतो.

शहादेव : दिवा हिरवा लागलाय. हिरवा म्हणजे वरचा ना? आश्रुबा, दिव्याचं सोड, पाईपाला हात लाव.

आश्रुबा : खालचा गप हाय. कोरडा तापलेला हाय, हात लावू दीना. वरचा... वरचा गुरगुरायलाय. चेअरमन, वरचा वाजला! गार पडला! ऐका, बाहेर ओरडायलेत. हौदावरनं कोणीतरी हाका मारायलंय, पाणी आलं म्हणून!

शहादेव : शून्य लिहिलं म्या. माझ्या हातानं वरच्याला शून्य लिहिलं.

नीलम्मा : लिहिलंत.

शहादेव : आन् समदं पाणी वर.

नीलम्मा : चालू राहू द्या आता. छावणीला आज लागणारच आहे. ही पाळी होऊ दे, मग दुरुस्त करते.

शहादेव : दुरुस्तीला काय लागंल? पुण्याहून माणूस?

नीलम्मा : एक शब्द लागेल. त्या तुकड्याची ओळख करून देते त्या ओळीत, त्याच्या नावाआधी पास्कल असं लिहायचं. मग माझा कंपायलर त्याच्या रीतीनं ठेवेल आणि आवरायचं त्याच्यावर सोडेल. थिजणंसुद्धा थांबेल.

शहादेव : एक शब्द.

आश्रुबा : एका शब्दापायी माझ्या कानफाटात बसली.

शहादेव : हं. आता बाहेर काय सांगायचं ते ठरवू. नीलम्मा, तू हुशार हायेस, समजून घेशील. हे चळतीचं, रीतीचं, पास्कलचं बाहेर कोणाच्या डोक्यात शिरणार न्हाई. लोकांना सोपं पाहिजे. आपण सांगू, उंदरानं वायर कुरतडली होती. दोन वायरी एकमेकीला लागल्या. जोडल्या. विषय मिटला.

आश्रुबा : उंदीर?

शहादेव : उंदराला सगळे ओळखतात.

आश्रुबा : आन् पंपघरात उंदीर व्हता तवा वॉलमन काय झोपला व्हता का, असं पयलं कोण इचारणार? सुग्रीव. मी सांगतो तुमाला, आजच इचारणार. चेअरमन, तुमचा उंदीर माझ्याच घरात येतोय.

शहादेव : मी सांभाळतो सुग्रीवला.

आश्रुबा : तुमी कालबी सांभाळणार व्हते.

नीलम्मा : उंदीर नको, काका. जे झालं ते सांगा. वायरी बरोबर होत्या, वॉलमनची काही चूक नाही, आणि प्रोग्राममध्ये चूक राहिली ती नीलम्मानं केली.

शहादेव : तू येडी हायेस का? मी तुझ्याच भल्याचं सांगतोय. चूक हिची निघाली, म्हटल्यावर लोक चूक म्हणतील का? म्हणतील, मुद्दाम केलं आन् सापडल्यावर चूक म्हणतीय. मी म्हणलो ना मघाशी, तेच म्हणतील. आन् सोमलिंगचं दुकान? काल कोणीच पायरी चढलं न्हाई त्याची. माहीत हाय ना?

नीलम्मा : माहीत आहे. आप्पा एकटेच बसले होते गादीवर, आई सांगत होती. पण उंदीर म्हटलं तर आप्पांवरचा संशय जाईल का? खालच्या माणसांनी हात सहज वर केले, कारण लेकीच्या हातात मशीन, हे तुम्ही भर बैठकीत बोललात. ते उंदीर कसा खाणार?

शहादेव : ...मी बोललो ते खरं.

नीलम्मा : मग हेही तुम्हीच बोला. मला बोलावू नका. मी बोलले तर दुकानदाराची पोरगी पटवतेय म्हणतील. तुम्ही वरच्या वस्तीचे. शून्य तुम्ही लिहिलंत, पाणी वर गेलं ते तुम्ही बघितलंत.

शहादेव : चळत कशी सांगू मी त्यांना? माझ्या तोंडाला ते यायचं न्हाई.

आश्रुबा : घमेली घेऊन जा की. खडूनं लिहिलेलं हायेच त्याच्यावर.

शहादेव : चेअरमन घमेली उचलून लोकांपुढं खेळ करणार?

आश्रुबा : मतं मागायला आलते तवा माझ्या छकुल्याला खांद्यावर घेऊन नाचवलं व्हतं. घमेली काय जड हायेत?

शहादेव : ...दे हिकडं. वीसचं खाली ना?

नीलम्मा : वीसचं खाली. चाळीसचं वर.

शहादेव : आन् तो दुसरा वरचं उचलून खालच्याला देतो.

नीलम्मा : हो.

शहादेव : कडी काढ, आश्रुबा. आन् तू माझ्या मागं येऊ नको. दारात उभा राहा, लोकांना दिसशील असा. सुग्रीवला मी आधी पुढं बोलावतो.

आश्रुबा : काढली. हा राहिलो उभा.

नीलम्मा : काय करतायत?

आश्रुबा : कट्ट्यावर चढलेत. घमेली मांडली. सुग्रीव म्होरं आलाय. त्याच्याच हातात दिलंय चाळीसचं. लोक हसायलेत.

नीलम्मा : हसतायत?

आश्रुबा : हसू द्या. हसत्यात तवा कुदळ खाली ठिवत्यात माणसं. थांबा... सुंदरबाई न्हाई हसत. ती कायतरी इचारायलीय. माझी गाय मशीन आणून देईल का, म्हणतीय.

नीलम्मा : काय म्हणाले काका?

आश्रुबा : तिच्यापुढं हात जोडलेत. ...आता तुमच्या आप्पांचं नाव घेतलं. म्या सोमलिंगला बोललो ते चूक बोललो, असं म्हणायलेत. लई हळू बोलले, पर बोलले.

नीलम्मा : ऐकलं मी.

आश्रुबा : माझंबी घेतलं नाव. सुग्रीव हिकडं बगायलाय. येतोय का काय... न्हाई. मान खाली घालून उभा राहिला. असू दे. तेवढंबी लई हाय. ताई, तुमी त्यो शब्द लिहा तंवर. पाळी संपली की लावा.

नीलम्मा : (पाळी संपल्यावर) लिहिला. मशीन नव्यानं चालू केलंय. आता वर चाळीस, खाली वीस लावते, चाचणीपुरते सेकंद. दिवे बघा.

आश्रुबा : हिरवा... हिरवाच हाय. हिरवा. गेला. तांबडा लागला. गेला लगेच. आन् पडदा हालतोय, थिजला न्हाई.

नीलम्मा : झालं मग.

आश्रुबा : ताई, एक इचारू? राग नका मानू. वरची माणसं बोंबलली, ते बराबर हाय, त्यांना कमी आलं. पर खाली टाकी वाहत व्हती. खालचं एक माणूस सांगायला आलं न्हाई, की आमाला जास्त यायलंय.

नीलम्मा : मीही तोच विचार करतेय.

आश्रुबा : माझी लेक गेल्या बाजारी भेटली. म्हणली, दादा, आमाला यंदा उन्हाळा जाणवंना. मला बरं वाटलं. लेक सुखात हाय म्हणलं. तितंच डोक्यात यायला पायजे व्हतं का न्हाई? न्हाई आलं.

नीलम्मा : आईनं दुकानातून फोन केला होता मला. म्हणाली, पाणी इतकं छान येतंय, तुझ्या हाताला यश आहे गं. मी दारात माठ ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला. मला वाटलं, माझं कौतुक करतेय. ते ऐकत बसले. किती येतंय, हे विचारलंच नाही.

आश्रुबा : आता खाली जाताल का घरी?

नीलम्मा : जायलाच पाहिजे. उद्या पाणी कमी येईल, तेव्हा त्यांना आधी कळलं पाहिजे. नाहीतर परवा ते कुदळी घेऊन येतील. सगळं सांगता येईल मला. फक्त आईला तो माठ आत घे म्हणून कसं सांगायचं, तेवढं सुचत नाही.

आश्रुबा : राहू द्या की माठ. एका माठापुरतं वीस मिनिटांतबी येतं.